युक्काची बोंडं

तय्यब माळ्याबद्दल मी घरीही बोलत नाही. लाज वाटते.

१९९४ साली मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या कंपनीच्या बागेचा कारभार माझ्याकडे होता. मी पुण्याचा गुरुदत्त, शेतकी पदवीधर, आणि तोरा असा की जणू झाडं मला विचारूनच उगवत. तय्यब राजापूरकडचा, सतरा वर्षं मस्कतमध्ये. चिमूटभर माती हुंगून तो कुठल्या झाडाला किती पाणी घालायचं ते ठरवायचा.

आमच्या मालकानं, म्हणजे अर्बाबनं, अमेरिकेतून युक्काची रोपं आणवली होती. टोकदार पाती, पांढरी फुलं. फुलं दरवर्षी भरभरून येत, बोंड मात्र एकही धरत नसे. अर्बाबला बी हवं होतं, सहम गावच्या त्याच्या शेतावर पेरायला.

"साहेब," तय्यब एकदा म्हणाला, "हितं खजुराच्या मादीला नराचा फुलोरा हातानं बांधतात, तसं ह्याचे पराग हातानं घालून बघू काय?"

"अरे, खजुरात नर-मादी झाडं वेगळी. हिच्या एकाच फुलात दोन्ही असतं. मी शिकलोय हे. फुलांना हात लावू नकोस!"

त्यानं लावला नाही. त्या वर्षीही सगळी फुलं गळली. अर्बाब माझ्यावर भडकला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. "माळी वेळेवर पाणीच देत नाही," मी सांगून टाकलं. आठवड्याभरात तय्यबचा व्हिसा रद्द. खलास. जाताना तो मला म्हणाला, "पाणी बेतानं घाला साहेब, मुळं कुजतात."

२००३ मध्ये माझी मुलगी सावनी शाळेच्या प्रोजेक्टसाठी इंटरनेटवर वाचत होती. "बाबा, लिसन! अमेरिकेत एक छोटा व्हाइट मॉथ असतो. तो युक्काचा पोलन गोळा करून दुसऱ्या फुलात भरतो, आणि तिथेच एग्ज घालतो. मॉथ नसेल तर फ्रूटच येत नाही!"

नखाएवढा पतंग. ओमानात तो कुठून असणार? त्याचंच काम तय्यब करू म्हणत होता, आणि मी त्याला उडवून लावलं होतं. मला स्वतःची किळस आली.

पुढच्या मोसमात मी काडीनं एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलांत घातले. महिन्याभरात हिरवीगार बोंडं लटकली. अर्बाबनं सगळ्या स्टाफसमोर माझी पाठ थोपटली. "वल्ला, गुरुदत्त! इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नाही!"

तय्यबचं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"शुक्रन, अर्बाब," मी म्हणालो.