आखूड स्प्रिंगा

मी माहेरी साखरखेर्ड्याला गेले होते, तेवढ्यात नवऱ्याने माझ्या सेडानला आखूड स्प्रिंगा बसवून गाडीची उंची कमी केली. गाडी मी घेतलेली, चालवतेही मीच. पण मला विचारलं नाही.

"अवं, पाह्य ना, कशी रुबाबदार दिसते," मी परतल्यावर तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात नेताना पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट खरडलं. त्यांच्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्यात कळ गेली. त्या डोळे मिटून बसून राहिल्या. माझं डोकं फिरलं.

दवाखाना आटोपून त्यांना घरी सोडलं आणि मी थेट स्प्रिंगा बदललेल्या गॅरेजवर गेले.

"जुन्या स्प्रिंगा परत लावा."

मिस्त्रीने फोन काढला. "भाऊले इचारून घेतो, ताई."

"गाडी माही हाय. मले इचारा."

संध्याकाळी गाडी पुन्हा उंच झाली.