शांत बस की!

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथं सांगणार नाही. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ते आमच्या एका पाहुण्यांच्या नावावरून ठेवलं होतं, आणि ते पाहुणे अजून ठणठणीत आहेत. दिवाळीला येतात. ते आले की कुत्र्याला दिवसभर नुसतं 'ए' म्हणावं लागतं, आणि मी 'ए' म्हटलं की स्वयंपाकघरातून बायको 'काय?' म्हणते. कुत्रं काही म्हणत नाही.

रंग गुळाचा, कान पडके, छाती रुंद. जात कुणी विचारली तर दादा 'खानदानी हाय' एवढंच सांगायचा. कुठलं खानदान ते त्यालाही माहीत नव्हतं. पिल्लू असल्यापासून ते भयंकर उतावळं. कुकरची शिट्टी झाली की नाचायचं, दाराची कडी वाजली की घरभर गोल फिरायचं. त्याला शांत करायची दादाची एकच पद्धत होती. तो माडीवरून ओरडायचा, "शांत बस की!" त्या आवाजानं गल्लीतली पोरं बसायची, समोरचा दुकानदार बसायचा, आणि आमचं कुत्रं पाय पसरून फरशीवर पडायचं ते घोरायलाच लागायचं. आमच्या घरात हळू बोलणारं कुणीच नव्हतं. मीठ मागायचं तरी असं, की शेजारच्या चाचींनी भिंतीपलीकडून विचारावं, "आमच्यातलं देऊ काय रे?"

मग मागल्या हिवाळ्यात एका सकाळी दादाच्या छातीत दुखायला लागलं. माझ्या खांद्यावर एक हात, छातीवर एक हात, असा तो कुत्र्याच्या अंगावरून दाराबाहेर गेला आणि गाडीत बसला. तो परत आला तेव्हा घरात माणसं मावत नव्हती, म्हणून कुत्र्याला आधीच गच्चीवर नेऊन बांधलं होतं. थोडक्यात, दादा गेलेला त्यानं पाहिला. आलेला पाहिला नाही.

पुढचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत, कारण मला काही झालंच नाही. लोक माझ्या गळ्यात पडून रडत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो की पाण्याची टाकी भरली का. शिरोलीला फौंड्रीत मी माल पाठवायचं काम बघतो. सुट्टी संपल्यावर कामावर गेलो, गाड्या भरल्या, घरी आलो, जेवलो. जेवणात मीठ कमी आहे हेही कळायचं. पण मागायचा कंटाळा यायचा. घरात सगळ्यांचंच तसं झालं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण आवाज खाली आले ते आलेच. वहिनी तर खुणेनंच बोलायच्या.

सिनेमात असतं तसं कुत्र्यानं दादाच्या चपलांवर डोकं ठेवून झोपायला हवं होतं. आमच्यानं त्यातली डावी चावून खाल्ली. उजवी अजून कपाटावर आहे. त्यापलीकडे त्यानं एक नवीन खूळ धरलं: घरातल्या कुणीही पायात काही घातलं की हे दाराला धडका मारणार. माणूस बाहेर पडलं की आतून असं विव्हळायचं, भुंकायचं, दार खरवडायचं, की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं. ते माणूस परत येईपर्यंत थांबायचं नाही. चाचींच्या घरी नातू झाला होता. त्या तक्रार करत नव्हत्या, एवढंच म्हणाल्या, "पोरगं झोपंत दचकतंय रे." तक्रार केली असती तर भांडता तरी आलं असतं.

एके दिवशी वहिनी खुणेनं न बोलता तोंडानं बोलल्या. "भावजी, माझ्या भावाला सांगितलंय. म्हैनाअखेरच्या रविवारी टेंपो घिऊन येतोय. कुत्र्याला मळ्यात सोडूया."

वहिनींचं माहेर गडहिंग्लजकडं. तिथं ऊस, म्हशी, मोकळं रान. कुत्र्याचं काही वाईट झालं नसतं.

"जरा शिकवून बघू की," मी म्हणालो.

"कुणी शिकवायचं?"

"मी."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यात सायकल सोडून काही शिकलो नाही आणि ती दादानं शिकवली, हे त्यांना माहीत होतं. "माझ्यानं त्येचं रडणं ऐकवत न्हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "रविवारपतूर गप बसलं, तर ऱ्हाऊ दे."

मला तरी ते का हवं होतं? प्रेम वगैरे म्हणणार नाही, त्या दिवसांत मला जेवणसुद्धा आवडत नव्हतं. पण घरात दादासाठी अजून आवाज करणारं तेवढं एकच उरलं होतं. तेही टेंपोत घालून दिलं की झालं, असं काहीतरी मनात आलं. ते मी बोललो नाही.

माझ्या मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ शोधून दिले. त्यात एक बाई असायची, तिचं घर कापसाचं केल्यासारखं शांत, आणि तिचा कुत्रा चटईवर बसून ध्यान लावायचा. बाईचं म्हणणं असं: कुत्र्यासमोर आवाज चढवू नका. त्याला बसायला एक ठरलेली जागा द्या, तिथं शांत बसलं की खाऊ द्या. बाहेर जाताना त्याचा निरोप घेऊ नका, गाजावाजा करू नका, गुपचूप जा. आलात तरी लक्ष न देता गुपचूप आत या. म्हणजे माणसाचं जाणं-येणं ही काही मोठी गोष्ट नाही, हे त्याला कळतं.

मी मनापासून शिकलो. वहिनींच्या जुन्या साडीची वाकळ होती, ती कोपऱ्यात अंथरली. पहिल्या दिवशी खाऊ म्हणून हाताशी तिखट चुरमुऱ्यांचं भडंग होतं, तेच दिलं. कुत्रं शिंकून शिंकून बेजार झालं आणि वाकळेला जे घाबरलं ते कायमचं. नंतर मी उकडलेल्या कोंबडीचे तुकडे ठेवायला लागलो. ते मान लांब करून तुकडा उचलायचं, पण वाकळेवर पाय ठेवायचं नाही. "कुणीतरी बसून दाखवायला पाहिजे, पप्पा," मुलगी म्हणाली. म्हणून मी बसून दाखवलं. मला बरं वाटलं. मऊ होती.

मग जाण्या-येण्याचा सराव. चपला घालायच्या आणि जायचं नाही, घरातच पेपर वाचत बसायचं. यावर बायकोनं, तेही दबक्या आवाजात, फरशी कोण पुसतं ते सांगितलं. पुढचा धडा म्हणजे दाराबाहेर जायचं, जरा थांबायचं, आत यायचं. मी उंबऱ्याच्या आत-बाहेर करत असताना गल्लीतनं जाणाऱ्या एका अनोळखी माणसानं सायकल थांबवून विचारलं, "काय पावणं, घरात घेत न्हाईत व्हय?"

"ट्रेनिंग चाललंय," मी म्हणालो.

"कुणाचं?" असं म्हणून तो उत्तराची वाट न बघता गेला.

कामावर जाताना तर मी बूट हातात घ्यायचो, मोजे घातलेल्या पायांनी बोटांवर चालत मागच्या दारानं निघायचो आणि चाचींच्या पायरीवर बसून बूट घालायचो. चाची तांदूळ निवडत असायच्या. एकदा म्हणाल्या, "नवरा-बायकोचं काय वाजलंय का रे? असा चोरावानी कुटं चाललायस रोज?"

घरातल्या सगळ्यांना मी हेच शिकवलं. मुलगी कॉलेजला पिशवी पोटाशी धरून सटकायची. बायको दूध आणायला अशी जायची की मलाही कळायचं नाही. हळू बोलायचा सराव तर आम्हाला करावाच लागला नाही. व्हिडिओतल्या बाईचं घर आमच्याएवढं शांत नसेल.

आणि कुत्रं बिघडत गेलं. आधी ते चपला घातल्यावर उठायचं, आता मोरीत गेलं तरी मागे. जेवताना ताटाताटांतून फिरून सगळी आहेत का बघायचं. झोपायचं तर एक डोळा उघडा. एक पाय वाळत टाकलेल्या धोतरासारखा थरथरायचा. वहिनी ते बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. मी वाकळेवर बसून कोंबडीचा तुकडा हातात धरून म्हणायचो, "शांत, शांत." ते तुकडा घ्यायचं आणि पुन्हा मोजणी सुरू.

रविवार आला. टेंपो गल्लीत शिरायच्या आधी वहिनींच्या भावाची हाक शिरली.

"आक्का! ए आक्का! आलो गं!"

मिशीवाला, दांडगा माणूस. खांद्यावर उसाची मोळी, हातात दुधाची किटली आणि काखेत दोरी. मुलगी धावत दारात गेली आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, हळू. ट्रेनिंग चालू हाय."

"बरं बरं," तो कुजबुजला. त्याचं कुजबुजणं माडीवर ऐकू आलं. एक वाक्य त्यानं निभावलं, मग किटली दणकन खाली ठेवली. "न्हाय जमत बाई. आमच्यात म्हशीसंगं बी आम्ही असंच बोलतोय. काय पावणं? वाळलासा की! आन् ह्ये काय, घरात कुणी आजारी हाय का काय?"

दादा गेल्यापासून आमच्याकडं मटण झालं नव्हतं. भाऊ येणार म्हणून वहिनींनी त्या दिवशी केलं. पंगत बसली. पाहुणा जेवता जेवता भावकीची भांडणं, कारखान्याची ऊसतोड टोळी, म्हशीचं वेत, सगळं एका पट्टीत सांगत होता. कुत्रं त्याच्या मांडीपाशी येऊन उभं राहिलं. मग बसलं. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी होईपर्यंत त्यानं मान खाली टाकली होती. मला वाटलं हाडाच्या आशेनं.

अर्ध्या जेवणातून पाहुणा उठला. "टेंपोला ऊन लागतंय. सावलीला लावून येतो गं आक्का!" उंबऱ्यावरून त्यानं असं सांगितलं, की गडहिंग्लजला कळावं.

आम्ही सगळ्यांनी घास थांबवला. आता धडका सुरू होणार. कुत्र्यानं एक कान उचलला. खाली टाकला.

पाहुणा आला, जेवला, आचवला. "कोपऱ्यावरनं पान घिऊन येतो!" पुन्हा गेला. कुत्रं कुशीवर वळलं.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "बघितलासा?"

बघितलं. आमच्यात घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. पोर चुकून 'जातो' म्हणालं तर वहिनी त्याला दारातून परत बोलवायच्या, 'येतो' म्हणायला लावायच्या आणि मग सोडायच्या. दादा तर काडेपेटी आणायला गेला तरी उंबऱ्यावर उभा राहून 'येतो गं!' अशी आरोळी द्यायचा. कुत्र्यानं जन्मापासून हेच ऐकलेलं. ओरडून गेलेलं माणूस परत येतं. त्या एका सकाळी दादाला दम नव्हता, तो काही न बोलता गेला. आणि त्यानंतर आमच्यापैकी कुणाच्याच तोंडातून तो शब्द निघेना. आम्ही नुसतेच जात होतो. त्यावर मी बूट हातात घेऊन त्याला महिनाभर रोज धडा दिला होता, की बाबा रे, बघ, माणसं अशीच गुपचूप नाहीशी होतात.

पाहुणा पान चघळत आला आणि त्यानं दोरी उचलली. "चला. उठ रं गड्या."

"थांबा जरा," मी म्हणालो. खरकटा हात तसाच घेऊन उठलो, चपला घातल्या. कुत्रं ताडकन उभं राहिलं. मी उंबऱ्यावर गेलो. आतून वहिनी बघत होत्या. म्हणायचा तो एक शब्द.

"येतो," मी म्हणालो शेवटी. कुत्रं कुईकुई करायला लागलं.

"ह्ये असं कोण म्हणतंय, पावणं?" पाहुणा म्हणाला. "सायकलची हवा गेल्यागत. म्हणा की दणकून!"

मी डोळे मिटले आणि ओरडलो. "येतो गं!"

आवाज माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण दादाचा आणि माझा गळा एकाच बापाचा. आतमध्ये कुणाच्या तरी हातातून वाटी पडली. मी मागं न बघता चालायला लागलो. चाचींच्या घरातून नातवानं भोकाड पसरलं.

"काय झालं रे?" चाची खिडकीतून.

"काय न्हाय चाची. येतो म्हणालो."

"मग ये की. एवढं वरडायला काय झालं?"

कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. घराकडून भुंकणं नाही, खरवडणं नाही. आता मला रडू येईल असं वाटलं होतं. तशी सोय म्हणून मी विजेच्या खांबाचा आधारही घेतला. काही आलं नाही. हाताला रस्सा वाळत होता. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, पान लावू का. नको म्हणालो. तिथंच उभा राहिलो, कारण पुढं जायला काही काम नव्हतं आणि परत कधी जायचं ते व्हिडिओत या ठिकाणी सांगितलेलं नव्हतं.

मग गल्लीच्या त्या टोकावरून हाक आली. "भावजी! आता या की! रस्सा गार व्हाय लागलाय!"

वहिनींचा तो आवाज मी हिवाळ्यानंतर पहिल्यांदा ऐकला. 

मी परत गेलो. कुत्रं उंबऱ्यावर आडवं पसरलं होतं. त्यानं शेपटी एकदा आपटली आणि मला त्याच्या अंगावरूनच पाय टाकून आत जावं लागलं. पाहुण्यानं वहिनींकडं बघितलं. वहिनींनी माझ्या ताटात गरम रस्सा ओतला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "ती दोरी टेंपोत टाक जा. ऱ्हाऊ दे त्येला."

"आन् एवढं डिझेल जाळून आलो ते?"

"मटान खाल्लंस न्हवं?"

तो रिकामा टेंपो घेऊन गेला. निघताना सगळ्यांना वेगवेगळं 'येतो' म्हणाला, कुत्र्यालासुद्धा. मी जेवत होतो. रश्श्यात मीठ कमी होतं. मी मागितलं, जरा मोठ्यानंच, आणि भिंतीपलीकडून चाचींनी काहीतरी विचारलं.

वाकळ अजून कोपऱ्यात आहे. कुत्रं तिच्यावर कधीच बसलं नाही. कामावरून आलो की मी बसतो, पुष्कळ वेळ, काही न करता. सगळ्या घरात ते शिक्षण माझंच तेवढं पुरं झालंय.