दगडावरचा बाप

तंजावूरजवळ, तिरुवैयारुच्या अलीकडे, कालव्याला लागून, आमच्या आजोबांची नारळीची बाग आणि बागेतलं मोठं घर आहे. आत्यानं ते सगळं धर्मादाय ट्रस्टला देऊन टाकलं. विकलं असतं तर आज तिथं लग्नाचा हॉल उभा असता. ट्रस्टनं छताचे कुजलेले वासे बदलले, भिंतींना पुन्हा चुना लावला आणि घर लोकांना बघायला खुलं करायचं ठरवलं. आत्याची अट एकच. दारापाशी दगड बसवायचा आणि त्यावर आपल्या भाषेत, म्हणजे मराठीत, देवनागरी अक्षरांत तिचं वाक्य कोरायचं: "हे माझ्या बापाचं घर. गावानं सांभाळावं."

ट्रस्टमधल्या एकानं सुचवलं, बाप बरं दिसत नाही, पिताश्री म्हणूया. आत्या उसळलीच.

"बापाला बाप नाही म्हणायचं तर काय कलेक्टर म्हणायचं?"

काम माझ्याकडे आलं, कारण मी ट्रस्टची सेक्रेटरी, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये आपली भाषा, आपली भाषा करून सगळ्यांचं डोकं खाणारी. आणि मला देवनागरी वाचता येत नाही! आम्ही घरी मराठी बोललो, शाळेत तमिळ शिकलो. मराठी लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहितो. आमच्याकडे बहुतेकांचं असंच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाज मी पुढं स्वतःच्या हातानं ओढवून घेतली.

वाक्य तमिळ अक्षरांत लिहून मी तंजावूरच्या दगडवाल्याला पाठवलं. तमिळमध्ये प आणि ब यांना एकच अक्षर, क आणि घ यांनाही एकच. आमची जीभ वाचताना आपोआप बरोबर वळते. दगडवाल्याच्या कॉम्प्युटरला कुठली जीभ? त्यानं अक्षराला अक्षर ठेवून देवनागरी केलं आणि नमुना माझ्या फोनवर पाठवला. "बघून सांगा, अम्मा." मी बघितलं. वर रेघ, खाली अक्षरं, दिसायला झकास. कुणाला दाखवावं, तर सेक्रेटरीबाईंचं बिंग फुटणार. "सरी," म्हणजे ठीक, असं मी कळवून टाकलं, "अगदी बरोबर आहे."

उद्घाटनाला आत्या रेशमी साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसली होती. पडदा सरला, टाळ्या झाल्या. घराच्या दुरुस्तीत सल्ला देणाऱ्या पुण्याच्या एक बाई मुद्दाम आल्या होत्या. आत्यानंच हौसेनं त्यांना म्हटलं, "मोठ्यानं वाचून दाखवा की."

बाई वाचू लागल्या. "हे माज्या पापाचं कर..." आणि थांबल्या. पुन्हा दगडाकडं बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "हे असंच लिहायचं होतं का?"

अय्यो! बापाचं पाप झालं होतं आणि घराचा कर. मागं कुणीतरी फिसकन हसलं. ज्या बापासाठी आत्यानं एवढी बाग सोडली, त्याला मी त्याच्याच दारात पाप करून ठेवलं होतं.

"हे तपासलं कुणी?" ट्रस्टच्या अध्यक्षांनी विचारलं.

दगडवाल्यानं घोळ घातला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्या बिचाऱ्याला बळी द्यायला मला एक क्षणही लागला नसता. पण माझ्याआधी आत्या बोलली.

"मीच तसं सांगितलं. म्हातारीची जीभ, वळली असेल कुठंतरी."

सगळे समजूतदारपणे हसले आणि जेवायला उठले. मी जागची हलले नाही. आत्या काठी टेकत माझ्याजवळ आली. दोन थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त माझा हात धरला.

"वाचता येत नाही हे मला तरी सांगायचंस गे," ती म्हणाली. "मला तरी कुठं येतं?"