सईचं बंद दार

शेजारच्या मंजूकडे काल संध्याकाळी डोकावले, तर पाहुणे येणार असल्यासारखं घर आवरलेलं. लेकीच्या खोलीत दिवाणावर नवी चादर, मागच्या भिंतीवर तिची पदकं.

"कोण येणार गं?"

"कुणी नाही हो काकू. सईच्या समुपदेशक मॅडम आज पहिल्यांदाच तिच्याशी बोलणार आहेत, मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून."

चौदा वर्षांची सई हल्ली शाळेचा विषय निघाला की मिटून जाते, हे मला ठाऊक होतं. पण काल आतून खणखणीत आवाज आला, "आई, ती पदकं काढ! मला काय बघायला येतायत?" आम्ही तिघीही हसत सुटलो.

पदकं उतरली. खोलीचं दार लागलं. मॅडमनी मंजूला आधीच बजावलं होतं, की तुम्ही ऐकू नका आणि ऐकत नाही याची लेकीला खात्री वाटू द्या.

आपल्या घरांत दाराला कडी लागली की बाहेरून "काय चाललंय गं?" अशी हाक ठरलेली. पोरांकडे कान लावून बसायचं, हीच आपली माया. तो कान काढून घ्यायचा कसा, हे कुणी शिकवलंय आपल्याला?

मंजू स्वयंपाकघरात गेली आणि तिने मिक्सर लावला. थांबवला, पुन्हा लावला. बराच वेळ हेच चाललं.

"अगं, किती बारीक करतेस चटणी?" मी ओरडून विचारलं.

तिने हसत झाकण उघडून दाखवलं. भांडं रिकामं होतं.