बिनफळाचे वेल

त्या दिवशी बांधावर आमी चौघं व्हतो. मी, माझी धाकली जाऊ, माझा पोरगा आन् जेसीबीवाला. मी जे बोलले ते चौघांनी बी ऐकलं.

जावंला लेकरू न्हाई. दीर गेले तवापासून आमच्या बाजूच्या टिनाच्या खोलीत राहती. बांधावरचे करटुल्याचे वेल घरात सगळे तिचेच समजायचे. श्रावणात ती करटुली तोडायची आन् डोंगरकडा गावच्या बाजारात नेऊन इकायची. तिच्या हातात तिचा म्हणून पैसा तेवढाच.

पोराला बांध काढून दोन वावरं एक करायची व्हती. मी म्हणले, वेलाचे गड्डे खणून परसात लावू. आमच्या परसात आपल्या मातीतलंच जगतं. उन्हाळ्यात बोअर कोरडं पडतं, भांडे घासल्याचं पाणी तेवढं झाडाला. वसमतवरून आणलेला गुलाब एक उन्हाळा काढत न्हाई. शेवगा, हादगा, कडीपत्ता तग धरतात. करटुल्याला तर तेवढं बी लागत न्हाई. उन्हाळाभर वर काडी दिसत न्हाई, गड्डा मातीत झोपलेला. पाऊस पडला की आपोआप फुटतो.

आदल्या पावसाळ्यातच मी फळाच्या वेलांजवळ काठ्या रोवून चिंध्या बांधल्या व्हत्या. आता तेवढेच खणत व्हतो. जेसीबीवाला वरून वरडला, "आजी, उरका! मशीन तासावर हाय, गप्पा घरी मारा."

जाऊ बिनकाठीच्या जागंवर बसली आन् हातानं माती उकरू लागली.

"हे बी घेऊ की, बाई."

"काहून? त्याला कवा फळ आलं?"

"नसंल आलं. फूल तर येतं. परसात जागा काय कमी हाय का?"

ऊन डोक्यात गेलं व्हतं माझ्या. मी म्हणले, "वांझेला घालायला माझ्याकडं पाणी न्हाई."

पोरगं नुसतं "आई!" म्हणलं. जेसीबीवाला दुसरीकडं बघाय लागला. जाऊ उठली, हाताची माती झटकली, गड्ड्याची पाटी डोक्यावर घेतली. "चला, ऊन व्हऊन राहिलं," म्हणली. मागं मशीननं बांध सपाट केला.

पाऊस पडला. परसात सगळे गड्डे फुटले, वेल काट्याच्या कुपावर चढले. दिवस मावळताना पिवळी फुलं यायची. फुलाखाली बारीक करटुलं दिसायचं, चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. मी राख टाकली, शेणखत टाकलं. सगळा श्रावण गेला, भाजीपुरतं एक न्हाई. जावंचा तेवढा पैसा बी गेला. ती गुडघ्याला फडकं बांधून हळद निंदाय जाऊ लागली, लोकाच्या वावरात.

पुढं वसमतच्या बाजारात एक बाई करटुली घेऊन बसली व्हती. तिला इचारलं, आमची करटुली काहून गळतात. ती म्हणली,

"मावशी, नराचा वेल हाय का तुमच्यात?"

"नराचा?"

"ज्याला नुसतं फूल येतं, फळ न्हाई, तो. तो जवळ नसंल तर बाकीच्याचं सगळं गळतं." आन् हसली. "चुलीत घातला का काय?"

एसटीत बसले तरी मला तिचं हसू दिसून राहिलं. घरी येऊन जावंला सांगितलं. वाटलं, आता म्हणंल, मी म्हणत व्हते ना.

ती म्हणली, "मला तरी कुठं ठावं व्हतं, बाई. मला नुसतं वाटलं, राहू द्यावं."

बांधावरच्या त्या शब्दाचं मला तवाच बोलायचं व्हतं. तोंडातून निघालं ते, "भाकर खाल्ली का?" ती "व्हय" म्हणली.

मी दुष्काळ पाहिले, दोन लेकरं मातीत ठिवली, मालक गेले. कामाचा हात थांबला न्हाई. पण ती सांजचं निंदणीवरून लंगडत आली की मला तिच्याकडं वर बघवत न्हाई.

तो वेल मी लय हुडकला. नरसीकडच्या माळावर गेले, भावाच्या गावाला गेले. जिथं तिथं बांध सपाट, न्हाईतर तणाचं औषध मारलेलं.

हे वाचणाऱ्याला माझं येवढंच मागणं हाय. तुमच्या बांधावर करटुल्याचा असा नुसत्या फुलाचा वेल असंल, तर त्याचा एक गड्डा आमाला द्या. माझ्याकडं देऊ नका. जावंच्या हातात द्या.