चार बोटांचा पंजा

एका बिल्डरने एकच फ्लॅट तीन बायकांना विकला. त्यांतली पहिली माझ्या भरवशावर फसली. ती घटना मला आठवावी लागत नाही. वर्दी कपाटात गेली, ती मात्र गेली नाही.

ती पहिली म्हणजे मावशी. त्या तळेघरकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण होत्या. भीमाशंकरच्या बंदोबस्तात आम्ही पोलिसांनी त्यांच्या हातची नाचणीची भाकरी कितीदा खाल्ली आहे. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडून त्यांच्या उजव्या हाताची करंगळी गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या ठाण्यात आल्या.

"साहेब, मंचरला फ्लॅट बघितलाय. भाड्यानं देईन, म्हंजी म्हातारपणी कुनाच्या तोंडाकडं बघाया नको. तुमी भाव करायला येता का? तुमाला लई जमतं म्हनं."

जमतं, हे खरं होतं. मी कोथिंबिरीच्या जुड्या विकत शिकलो आणि खात्यात आलो. बिल्डरच्या ऑफिसात दोनदा उठून दारापर्यंत गेलो, भाव पाडला, वर पार्किंग फुकट घेतलं. करारनामा मात्र नुसता नोटरी केलेला होता, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नव्हता.

"सगळ्यांची नोंदणी एकदम करू साहेब, मावशींचा खर्च वाचेल," बिल्डर म्हणाला.

खर्च वाचतोय म्हटल्यावर मी मान डोलावली. भाव केला, कागद तपासला नाही.

ताब्याच्या दिवशी मावशींनी नव्या ओट्यावर दूध उतू घातलं, दाराशेजारी कुंकवाचा पंजा उठवला आणि किल्ली परत बिल्डरच्याच हातात दिली. भाडेकरू तोच आणणार होता. आपल्या भागात पहिल्यांदा फ्लॅट घेणारा हेच करतो. शेताचा बांध रोज पायाखाली घालेल, पण फ्लॅटची किल्ली विकणाऱ्याकडेच ठेवून गावी जाईल.

पाच महिने भाडं आलं. मावशी तिकडे फिरकल्या नाहीत. "भाडेकरूच्या दारात सारखं गेलं तर त्याला कसंसंच व्हतं," म्हणायच्या.

मग जुन्नरचे एक वयस्कर रंगारी ठाण्यात आले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चहा नको म्हणाले, दार लोटून घ्या म्हणाले.

"साहेब, मंचरच्या एका बिल्डिंगीत एकाच दाराची भिंत मी तीनदा रंगवली. दर खेपेला कुंकवाचे हात पुसायचे आणि नवा रंग मारायचा. बिल्डर म्हणतो, लोक रंग बदलून मागतात."

"मग यात काय?"

"कुंकू लावणारी बाई हात पुसायला सांगंल का, राव? आणि पहिला पंजा चार बोटांचा व्हता. तो पुसताना माझाच हात थांबला."

चार बोटं ऐकली आणि मी चाचांना फ्लॅटचा नंबर विचारला. तो मावशींचाच होता.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन गेलो. भिंत खरवडली. वरच्या तीन रंगांखाली कुंकवाचा लालसर डाग निघाला, करंगळीची जागा रिकामी. हवालदाराने तसाच पंचनामा लिहिला.

बिल्डरला चौकशीला बोलावलं. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. त्याने रुमालाने चष्मा पुसला.

"साहेब, भाव तर तुम्हीच केला. तुमच्या शब्दाला मी मान दिला."

फसवणारा माणूस आवाज चढवत नाही, मान देतो. हे कळायला मला इतकी वर्षं लागली. मी खाली बसलो, आवाज उतरवला आणि एवढंच म्हणालो, "भाडेकरूला फोन लावा."

त्याने मोबाइल हातात घेतला. नावं वर-खाली करत राहिला. मग फोन टेबलावर पालथा ठेवला. भाडेकरू कधी नव्हताच. पुढच्या बाईकडून घेतलेल्या पैशांतून तो मागच्या बाईला भाडं धाडत होता.

मावशींना मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजी माझ्या ओट्यावर आनिक दोघींनी दूध उतू घातलं? त्यांचं तरी घर ऱ्हाईल का, साहेब?"

कुणाचंच राहिलं नाही. फ्लॅटला सील लागलं. नियमाने हा तपास मी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला हवा होता. रागाच्या भरात दिला नाही. आरोपीच्या वकिलाने तेच धरलं, "फिर्यादीसाठी सौदा तुम्हीच केलात ना?" मी हो म्हणालो. बिल्डर जामिनावर सुटला, खटला तारखांवर गेला. मावशी आता लग्नांत आचाऱ्याच्या हाताखाली भाकऱ्या थापतात.

या प्रकरणाने शिकवलं ते असं: घर घेताना घासाघीस शेवटी करावी. आधी निबंधकाकडे दस्त नोंदवावा, किल्ली आपल्या कनवटीला ठेवावी आणि भाडेकरूचं तोंड स्वतः पाहावं. मी उलटं केलं. ती चूक मी कोर्टात कबूल केली, इथेही करतो.

पण एक माणूस राहिला. तीन बायका, तीन करार, फ्लॅट एकच. तिन्ही नोंदी एकाच नोटरीच्या वहीत, तिन्हींवर त्याचाच शिक्का. तो कोर्टात आरोपी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून आला. म्हणाला, "मी सह्या बघतो, मजकूर वाचत नाही." आणि घरी गेला.

त्या पहिल्या करारावर मावशींच्या सहीशेजारी डाव्या हाताचा अंगठाही आहे. तो उठवताना कागद धरायला ठेवलेली उजव्या हाताची चार बोटं त्याने समोर बसून पाहिली होती. दुसऱ्या खेपेला तोच फ्लॅट दुसरीच्या नावाने समोर आला, तेव्हा त्याचा हात का थांबला नाही? रंगाऱ्याचा थांबला होता. माझं उत्तर मी दिलं. आता त्याने द्यावं, आणि साक्षीदाराच्या नव्हे, आरोपीच्या पिंजऱ्यातून द्यावं.