लाल कार्डाखालची वायरिंग

माझे वडील स्टील प्लांटमध्ये फिटर होते. दुरुस्तीला घेतलेल्या मशीनवर लाल कार्ड टांगायचं आणि ज्यानं टांगलं त्यानंच ते काढायचं, तोवर इतरांनी मशीनला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरमध्येही तो चाले. बिघडलेल्या मिक्सरला त्यांनी कार्ड बांधलं की आई निमूट पाट्यावर वाटायची.

शाळेत रोबोटिक्स शिकवायला लागल्यावर मी तीच पद्धत आणली. मुलं वायरी ओढतात, पिना वाकवतात. म्हणून वायरिंग मी करायची, तपासायची, सेटला कार्ड लावायचं; मुलांनी फक्त कोड लिहायचा. बहुतेकांच्या घरचं कोणी ना कोणी प्लांटमध्ये. कार्ड म्हणजे काय, हे समजवावं लागलं नाही.

नववीतली एक मुलगी कॅम्प-१ च्या वस्तीतून यायची. जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी छोटी गाडी ती करत होती. गाडीला दोन सेन्सर. पट्टी डावीकडे दिसली तर डावीकडे वळायचं, उजवीकडे दिसली तर उजवीकडे. रायपूरच्या स्पर्धेला शाळेतून एकच गाडी जाणार होती. तिची गाडी मात्र प्रत्येक वळणावर उलट्या बाजूला पळायची.

"तेरी गाड़ी को चश्मा लगवा दे," वर्गातल्या पोरी म्हणायच्या. तीही हसायची.

"सर, लेफ्ट-राइट बदलून पाहू का? मले वाटते, वायर..."

"वायरिंग मी केलीय. अंदाजानं कोड लिहायचा नसतो. लॉजिक बघ."

आठवडाभरात तिनं चार वेळा कोड लिहिला. कार्डाला हात लावला नाही. मी मुख्याध्यापिकेला दुसऱ्या मुलीचं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी सेट आवरताना मला दिसलं. डाव्या सेन्सरची वायर उजव्याच्या पिनवर होती आणि उजव्याची डाव्याच्या. मीच लावलेली. नाव रायपूरला कळवायला अजून दोन दिवस होते. खोलीत कोणी नव्हतं. मी वायरी सरळ केल्या आणि तिचाच कोड चालवला. गाडी सगळी वळणं घेऊन परत आली. मग मी कोड पुसला.

तिनं अकरावीला कॉमर्स घेतलं. मी कोणाला काही बोललो नाही. या वर्षी ती बारावी झाल्यावर तिच्या घरी गेलो आणि तिच्यासमोर, तिच्या वडिलांसमोर हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे कोड बरोबर होता?" तिनं विचारलं.

"पूर्ण बरोबर."

"आन तुमाले तेव्हाच समजलं होतं?"

"हो. नाव बदलता आलं असतं."

"जाऊ द्या ना सर," वडील म्हणाले. "खेळण्यातली गाडी तं होती. चहा घ्या."

"जाऊ कावून द्या, बाबा? मले मॅथ्स घ्याचं होतं, तं तुमीच म्हणाले ना, तुयं लॉजिक चुकते, सर खोटं सांगतीन का."

ती माझ्याकडे वळली.

"तो कोड ठेवला काय तुमी?"

"नाही."

तिनं मान हलवली. चहा करायला कोणी उठलं नाही. थोडा वेळ बसून मी निघालो.